कोरियन शिकायचे आहे, पण भाषा की कोरिया?

प्रश्न : मी इचलकरंजीची आहे, वय २२. शिवाजी विद्यापीठातून इतिहास विषय घेऊन बी.ए. झाले, ६८ टक्के गुण आहेत. महाविद्यालयात असताना मोडी लिपीही शिकले. गेली तीन वर्षे कोरियन मालिका पाहते आहे. लिपी वाचता येते, लहान वाक्ये बोलता येतात. आता विद्यापीठात जाऊन कोरियन भाषेचा आणि संस्कृतीचा रीतसर अभ्यास करावा असे वाटते. एक खासगी वर्ग नव्वद हजार रुपये मागतो आणि आठ महिन्यांत कोरियातील विद्यापीठात प्रवेशाची हमी देतो. वडिलांचे यंत्रमाग आहेत आणि सध्या धंदा मंदा आहे. त्यांचे म्हणणे असे, की बी.एड. करून मोकळी हो. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक पैशाचा आणि एक अभ्यासाचा. पैशाचा आधी संपवू, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. नव्वद हजार रुपये देऊ नका. कोरियातील विद्यापीठात प्रवेश द्यायचा की नाही हे ते विद्यापीठ ठरवते आणि व्हिसा द्यायचा की नाही हे त्या देशाचे सरकार ठरवते. या दोन्हींच्या मध्ये बसलेल्या कोणालाही हमी देण्याचा अधिकार नाही. मग हे लोक नेमके काय विकतात, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. कोरियातील बहुतेक मोठ्या विद्यापीठांना जोडून परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषासंस्था असतात. योन्से विद्यापीठाची संस्था त्यांत सर्वांत जुनी, १९५९ सालची. सोल राष्ट्रीय विद्यापीठ, कोरिया विद्यापीठ, इह्वा, सोगांग अशा सगळ्यांकडे आज त्या आहेत. साधारण दहा आठवड्यांचे सत्र, आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास, म्हणजे एका सत्रात दोनशे तास असा त्यांचा शिरस्ता आहे आणि अभ्यासक्रमाच्या पायऱ्या बहुधा सहा असतात. या संस्थांत शिरण्यासाठी पदवी अभ्यासक्रमासारखी चुरस नसते. बारावी उत्तीर्ण असणे, कागदपत्रे नीट असणे आणि बँकेत पुरेशी रक्कम दाखवता येणे एवढे जमले, की बहुतेक वेळा प्रवेश मिळतो. त्याचा व्हिसाही पदवीच्या व्हिसाहून वेगळा असतो. तुम्हाला जी 'विद्यापीठातील प्रवेशाची हमी' सांगितली गेली, ती बहुधा याच भाषावर्गाची असावी. अर्ज तुम्ही स्वतः संस्थेच्या संकेतस्थळावरून करू शकता. मात्र सोलमधील नामांकित विद्यापीठांत एका सत्राचे शुल्क अलीकडे सतरा-अठरा लाख वॉनच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या चलनात लाख रुपयांहून अधिक, आणि त्यात राहण्या-खाण्याचा खर्च नाही. सहा पायऱ्या चढायच्या तर दीड वर्ष. मंदीच्या दिवसांत वडिलांनी यंत्रमागावर कर्ज काढून हा खर्च करावा, असे मी सुचवणार नाही.

आता अभ्यासाचा प्रश्न. 'कोरियन भाषा आणि संस्कृती' हे शब्द तुम्ही एका दमात लिहिले आहेत आणि सगळेच तसे लिहितात. पण विद्यापीठात या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या इमारतींत शिकवल्या जातात. भाषा विभागात तुम्ही व्याकरण, भाषांतर, साहित्य शिकता आणि बाहेर पडताना दुभाषी, अनुवादक किंवा भाषाशिक्षक होण्याच्या तयारीत असता. कोरिया-अध्ययन किंवा पूर्व आशिया अध्ययन या नावाने जे विभाग चालतात, तिथे इतिहास, राजकारण, समाज, अर्थव्यवस्था हा मुख्य विषय असतो आणि भाषा हे त्याचे साधन. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात मालिकांचा उल्लेख एकदाच आहे. मोडीचा मात्र तुम्ही न विचारता, अभिमानाने केला आहे. माझा अंदाज असा, की तुमची ओढ दुसऱ्या वाटेकडे आहे. तसे असेल, तर इतिहासाची पदवी ही तुमची अडचण नसून भांडवल आहे. अंदाज चुकीचा असेल, तर तेही पुढच्या आठ-दहा महिन्यांत तुम्हालाच कळेल, कारण पहिले वर्ष दोन्ही वाटांना सारखेच आहे.

ते पहिले वर्ष घरी राहून काढता येते. विद्यापीठांनी जे विनाशुल्क खुले केले आहे, त्याचा पुरता उपयोग करण्याआधीच लोक शुल्क भरायला धावतात, ही माझी जुनी तक्रार आहे. सोगांग विद्यापीठाची भाषासंस्था बोलण्यावर भर देण्यासाठी ओळखली जाते. तिने प्राथमिक ते मध्यम पातळीचा एक अभ्यासक्रम अनेक वर्षांपासून महाजालावर मोफत ठेवला आहे. कोरिया सायबर विद्यापीठाचे ध्वनिचित्र पाठही मोफत आहेत. किंग सेजोंग इन्स्टिट्यूट फाउंडेशन ही कोरियन सरकारने पाठबळ दिलेली संस्था जगभर केंद्रे चालवते आणि तिचे ऑनलाइन वर्गही असतात. भारतात दिल्लीचे कोरियन सांस्कृतिक केंद्र आणि चेन्नईचे इन्को सेंटर यांच्याकडून या वर्गांची माहिती मिळते. शब्दकोशासाठी राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश वापरावा. त्यात इंग्रजी अर्थ आहेत, उच्चार ऐकता येतात आणि प्रत्येक शब्दाखाली वापराची वाक्ये आहेत. यंत्रानुवादावर भिस्त ठेवून शिकणाऱ्यांना सहा महिन्यांनी सगळे 'समजते', पण एक वाक्य स्वतःहून रचता येत नाही.

मराठी माणसाने कोरियन शिकणे हे इंग्रज माणसाने शिकण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, ही गोष्ट आपल्याकडचे वर्ग फारशी सांगत नाहीत, कारण त्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजीतून आलेली असतात. कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येते. 'ला', 'त', 'हून' यांसारखे प्रत्यय तिथेही नामाच्या मागे लागतात. पण खरी गंमत त्याहून आतली आहे. आपण 'खाऊन बघ' म्हणतो तेव्हा डोळ्यांनी बघायचे नसते, चव घ्यायची असते; कोरियन माणूसही 'मॉगॉ ब्वा' म्हणतो, आणि त्यातले दुसरे क्रियापद 'बघणे' हेच आहे. आपण 'करून दे' म्हणतो, ते 'हॅ जुदा' म्हणतात, अर्थ शब्दशः करून देणे. आणि आपले 'खाऊन टाकले'! तिथे 'बॉरिदा' हे क्रियापद लागते, ज्याचा मूळ अर्थ टाकून देणे असाच आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या तीन रचनांसाठी तीन धडे लागतात. तुम्हाला त्या मराठीत ठेवून पाहिल्या, तर एका दुपारीत उमगतील. म्हणून माझी सूचना अशी, की वहीच्या एका बाजूला कोरियन वाक्य आणि दुसऱ्या बाजूला मराठी लिहा. मध्ये इंग्रजी आणू नका.

उच्चारात मात्र मराठी थोडी फसवते. कोरियनमध्ये 'क'च्या जातीची तीन व्यंजने आहेत : साधे, घट्ट आणि महाप्राण. आपल्याकडे क आणि ख असे दोन असल्यामुळे आपण साध्याला क मानून मोकळे होतो, पण आपला क हा त्यांच्या घट्ट व्यंजनाच्या अधिक जवळचा आहे. त्यांचे साधे व्यंजन शब्दाच्या सुरुवातीला किंचित श्वास सोडत येते आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडले, की ग सारखे ऐकू येते. लिपी तुम्हाला येते, त्यामुळे तिच्याविषयी लांबण लावत नाही. राजा सेजोंगच्या कारकिर्दीत १४४३ साली ती तयार झाली आणि १४४६ साली जाहीर झाली, चौदा व्यंजने आणि दहा स्वर अशी तिची आजची मूळ चोवीस अक्षरे आहेत आणि मोडीची वळणे वाचलेल्या व्यक्तीला तिची भीती वाटण्याचे कारण नाही.

मालिकांबद्दल एक सावधगिरी. मालिकांतील मित्र, भावंडे, प्रेमिक एकमेकांशी जी भाषा बोलतात, ती आपल्या 'अरे-तुरे'ची आहे. कोरियनमध्ये हा भेद केवळ सर्वनामात नसतो, तो प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाच्या शेवटाला चिकटलेला असतो. एका विद्यार्थिनीने ऑनलाइन मुलाखतीत प्राध्यापकांना इतक्या अस्खलित कोरियनमध्ये उत्तरे दिली, की ते आधी चकित झाले आणि मग हसू लागले. ती त्यांच्याशी धाकट्या भावाशी बोलावे तशी बोलत होती. कोल्हापूरकडच्या आपुलकीच्या एकेरीवर वाढलेल्या माणसांना हे विशेष जपावे लागते, असे मी थट्टेने म्हणते, पण अगदीच थट्टेने नाही. बोलण्याचा सराव आदरार्थी, औपचारिक रूपांपासूनच करावा. एकेरी मालिकांतून आपोआप येते.

या वर्षाच्या शेवटी 'टोपिक' ही कोरियन भाषेची परीक्षा द्यावी. कोरियन सरकारच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेमार्फत होणारी ही परीक्षा विद्यापीठे, शिष्यवृत्त्या आणि कंपन्या सगळीकडे मानली जाते. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात ऐकणे आणि वाचणे, एकूण दोनशे गुण. ८० मिळाले तर पहिली पातळी, १४० मिळाले तर दुसरी. दुसऱ्या भागात लेखनही असते, एकूण तीनशे गुण, आणि १२०, १५०, १९०, २३० या टप्प्यांवर तिसरी ते सहावी पातळी ठरते. पहिल्या पातळीला सुमारे आठशे शब्द पुरतात, दुसरीला दीड ते दोन हजार. घरी बसून दहा महिन्यांत दुसरी पातळी गाठणे मेहनती विद्यार्थ्याला शक्य आहे. तिसरी गाठली तर उत्तमच. निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो, तेव्हा हौस म्हणून फार लवकर देऊन ठेवण्यात अर्थ नाही. भारतात ही परीक्षा ठरावीक शहरांतच आणि वर्षातून मोजक्याच वेळा होते. अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे दूतावासाच्या आणि सांस्कृतिक केंद्राच्या सूचनांवर लक्ष ठेवावे लागेल.

त्यानंतर विद्यापीठ. जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारखा जुना आणि पदवीपासून पीएच.डी.पर्यंत पूर्ण असा कोरियन विभाग महाराष्ट्रात नाही. पुण्यात जपानीची परंपरा जशी दोन-तीन पिढ्यांत रुजली, तशी कोरियनची अजून रुजायची आहे. इथल्या काही संस्था अल्प मुदतीचे वर्ग चालवतात, पण ते दरवर्षी भरतीलच असे नसते. म्हणून दिल्लीचा विचार करावा लागतो. नेहरू विद्यापीठाच्या कोरियन अध्ययन केंद्रात बी.ए. ऑनर्स, एम.ए. आणि पीएच.डी. असे तिन्ही आहे. बी.ए.चा प्रवेश सी.यू.ई.टी. या सामायिक परीक्षेतून होतो आणि तिथे आधी कोरियन येण्याची अपेक्षा नसते. एम.ए.साठी मात्र भाषा आधी चांगली यावी लागते, त्यामुळे इतिहासाच्या पदवीवर थेट तिथे जाता येईल असे समजू नका. पदवी हातात असताना पुन्हा पहिल्या वर्षाला बसणे अनेकांना अपमानास्पद वाटते. मला तसे वाटत नाही. शुल्क अत्यंत कमी, वसतिगृह मिळण्याची शक्यता आणि रोज भाषेच्या वातावरणात राहणे या तीन गोष्टींचा हिशेब केला, तर ती वाट वाटते तितकी लांबची नाही. तरीही तुमच्यासाठी मी दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशिया अध्ययन विभागाचे नाव आधी घेईन. तिथे कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी कोरियनची एक वर्षाची सघन पदव्युत्तर पदविका आहे आणि तिच्यापुढे प्रगत पदविकाही आहे. शिवाय त्याच विभागात पूर्व आशिया अध्ययनाचे एम.ए. असल्यामुळे भाषा शिकता शिकता इतिहास-राजकारणाच्या प्राध्यापकांशी आणि ग्रंथालयाशी संबंध येतो. रांचीच्या झारखंड केंद्रीय विद्यापीठातही सुदूर पूर्वेच्या भाषांच्या विभागात कोरियन शिकवली जाते. दिल्लीचा खर्च झेपत नसेल, तर त्याची चौकशी करावी. जागा, पात्रता, तारखा दरवर्षी बदलतात. त्या वर्षाचे माहितीपत्रक हातात आल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नका. माझ्याही नाही.

आता तुमच्या इतिहासाकडे वळते, कारण इथे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे आणि विद्यापीठांच्या साधनांचे खरे मोल इथेच कळते. जोसॉन राजवंशाची इतिवृत्ते हे कोरियन इतिहासाचे केवढे मोठे धन आहे, ते ऐका. पंचवीस राजांच्या, १३९२ ते १८६३ अशा ४७२ वर्षांच्या कारकिर्दीच्या दिवसागणिक नोंदी त्यांत आहेत. राजा गेल्यावर त्याच्या काळाचे इतिवृत्त सिद्ध होई आणि दरबारातल्या इतिवृत्तकारांनी केलेली टिपणे पाहण्याची मुभा खुद्द राजालाही नसे. १४०४ साली ताएजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला आणि आजूबाजूला पाहून म्हणाला, की हे इतिवृत्तकाराला कळू देऊ नका. हे वाक्यही इतिवृत्तात नोंदलेले आहे. बखरींतले किती आणि कागदपत्रांतले किती, यावर आपल्याकडे जे वाद झाले ते तुम्ही वर्गात शिकलाच असाल. ते डोक्यात ठेवून ही इतिवृत्ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला असे प्रश्न सुचतील, जे कोरियन विद्यार्थ्याला सुचणार नाहीत. मूळ ग्रंथ अभिजात चिनीत आहेत. १८९४ च्या सुधारणांपर्यंत सरकारी कागदांची भाषा तीच होती. पण त्यांचा आधुनिक कोरियन अनुवाद पूर्ण झाला असून मूळ आणि अनुवाद दोन्ही महाजालावर कोणालाही विनाशुल्क शोधता येतात. पेशवे दफ्तर असे घरबसल्या शोधता आले असते तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पण तो वेगळा विषय.

हे असे काम जिथे शिकवतात, ती संस्था म्हणजे सोलच्या दक्षिणेला सॉन्गनाम इथली कोरियन अध्ययन अकादमी. १९७८ साली सरकारने ती स्थापन केली आणि तिला जोडून पदव्युत्तर विद्यालय आहे, जिथे परदेशी विद्यार्थी मोठ्या प्रमाणात घेतले जातात आणि इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, मानवशास्त्र अशा शाखा कोरियाच्या अंगाने शिकवल्या जातात. तिचा कोरियन संस्कृतीचा ज्ञानकोशही खुला आहे, आणि १९६१ पासून निघणारे 'कोरिया जर्नल' हे इंग्रजी त्रैमासिक आता तिच्यामार्फत प्रसिद्ध होते व त्याचे लेख मोफत वाचता येतात. भाषा पक्की होईपर्यंत महिन्याला त्यातले दोन लेख वाचून त्यांचा एक पानाचा मराठी गोषवारा लिहिला, तर वर्षाअखेर तुमच्याकडे कोणत्याही प्रवेश अर्जाला पुरेल एवढे स्वतःचे टिपण जमेल. कोरियातील विद्यापीठांचे प्रबंध 'रिस' या राष्ट्रीय संकेतस्थळावर आहेत, भारतातले 'शोधगंगा'वर. नेहरू विद्यापीठातून कोरियावर झालेले प्रबंध तिथे शोधले, तर मार्गदर्शक कोण, विषय कोणते झाले आणि कोणते राहिले, हे कळते. आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय विसरू नका. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक वर्गणी' योजनेखाली सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तीस मोठ्या प्रकाशकांची तेरा हजारांवर नियतकालिके खुली झाली आहेत. माजी विद्यार्थिनी म्हणून तिथे बसून वाचण्याची परवानगी मिळते का, हे ग्रंथपालांना प्रत्यक्ष जाऊन विचारा. कोल्हापूर बसने तासाभरावर आहे; कोरियाचा अभ्यास तिथूनही सुरू होतो.

विषय शोधण्यासाठीही फार लांब जायला नको. कोरियन युद्धात १९५० पासून भारतीय लष्कराचे साठावे पॅराशूट वैद्यकीय पथक तिथे काम करत होते. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर, आपापल्या देशात परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी भारताने जी अभिरक्षक सेना पाठवली, तिचे नेतृत्व मेजर जनरल शं. पां. पा. थोरात यांच्याकडे होते. ते तुमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. त्या कैद्यांपैकी ८८ जणांनी दोन्हींपैकी कोणतीच बाजू नको, असे ठरवून १९५४ साली भारतीय सेनेबरोबर जहाजातून भारताची वाट धरली. या सगळ्यावर इंग्रजीत लिहिलेले आहे. कोरियन साधने आणि मराठी साधने शेजारी ठेवून, दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने ते पाहणे ही वेगळी गोष्ट ठरेल. प्रवेश अर्जासोबतच्या उद्देशपत्रात 'मला कोरियन मालिका आवडतात' असे लिहिणारे शेकडो असतात. त्यांच्या गठ्ठ्यात हा विषय घेऊन आलेला अर्ज निवडणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही.

शिष्यवृत्तीबद्दल स्पष्ट सांगते. कोरियन सरकारची 'ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप' ही सर्वांत उदार आहे : विमानभाडे, शिक्षणशुल्क, दरमहा भत्ता आणि पदवीच्या आधी एक वर्ष भाषाशिक्षण. त्या वर्षाच्या शेवटी टोपिकची तिसरी पातळी मिळवावी लागते. आधीच पाचवी असेल तर ते वर्ष माफ होते. अर्ज दूतावासामार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत करता येतो आणि पदव्युत्तर अर्जांची सूचना साधारणपणे फेब्रुवारीच्या सुमारास निघते. पण तिच्या अटींत पदवीला ८० टक्क्यांच्या बरोबरीचे गुण मागितलेले असतात. आपल्या कला शाखेत ८० टक्के म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, त्यांच्या नियमाला माहीत नाही. तुमचे ६८ टक्के या अटीत कसे मोजले जातील, हे त्या वर्षीची सूचना वाचून दूतावासाला लेखी विचारावे, आणि विद्यापीठात तुमचा गुणानुक्रम वरचा असेल तर त्याचे प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवावे. ही शिष्यवृत्ती मिळाली नाही तर सगळे संपले, असे मात्र नाही. कोरियन अध्ययन अकादमी आपल्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र साहाय्य देते, आणि अनेक विद्यापीठे टोपिकची पातळी जितकी वरची तितकी शुल्कात सवलत अधिक, असा नियम ठेवतात. योन्से आणि सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन विद्यालयांत कोरिया-अध्ययन इंग्रजीतूनही शिकता येते. त्या वाटेने जाणाऱ्यांना मी नेहमी बजावते, की इंग्रजीतून पदवी मिळते, पण मूळ साधने वाचायला भाषा लागतेच.

वडिलांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करू नका, असेही मला सांगायचे आहे. ते चुकीचे बोलत नाहीत. त्यांच्यासमोर दुसरा हिशेब कोणी मांडलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक पातळीवर देता येण्याजोग्या परकीय भाषांत कोरियनचे नाव आहे, म्हणजे बी.एड. आणि कोरियन या एकमेकींच्या सवती नाहीत. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, रायगड जिल्ह्यात माणगावजवळ विळे-भागाड इथे पोस्कोचा पोलादाचा प्रकल्प आहे, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. अशा ठिकाणी दुभाष्यांची गरज पडते. मात्र तिथे चौथ्या पातळीच्या खालच्या भाषेला फारशी किंमत नाही आणि काम मालिकांतल्या संवादांचे नसते, यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीचे असते. २०२४ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक प्रथमच एका कोरियन लेखिकेला मिळाल्यापासून अनुवादकांकडेही प्रकाशक अधिक आस्थेने पाहू लागले आहेत, आणि कोरियाची साहित्य अनुवाद संस्था परदेशी अनुवादांना अनुदान देते. पण केवळ साहित्यानुवादावर घर चालेल, असे मी मराठीत तरी कोणाला सांगितलेले नाही. वडिलांना असे म्हणा, की एक वर्ष द्या. या वर्षात घरचा एक रुपयाही वर्गावर जाणार नाही, मी शिकवण्या घेऊन परीक्षेचे आणि प्रवासाचे पैसे उभे करीन आणि टोपिकचा निकाल दाखवीन. तिसरी पातळी आली तर दिल्ली. दुसरीवरच अडले, तर बी.एड.ला प्रवेश घ्या आणि भाषा पुढे चालू ठेवा. धंद्यातल्या माणसाला मुदत आणि आकडा घालून केलेला करार कळतो.

शेवटी एक किरकोळ वाटणारी गोष्ट, जिच्यापायी अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि हल्ली आईचेही असते. पासपोर्टवर ही मांडणी वेगळी होते आणि एखादे नाव गळतेही. कोरियन कार्यालयाला ती दोन वेगळी माणसे वाटतात. पासपोर्ट अजून काढला नसेल, तर गुणपत्रिका समोर ठेवून, इंग्रजी अक्षरे जुळवून तो याच महिन्यात काढा आणि टोपिकच्या अर्जावर नाव पासपोर्टवर असेल तसेच लिहा. पदवी प्रमाणपत्रावर पुढे अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीचा सरकारी शिक्का, लागेल. त्यासाठी आधी राज्य पातळीवरची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का अशी दोन कामे आहेत, त्यांना आठवडे लागू शकतात, आणि दीक्षान्त समारंभातले मूळ प्रमाणपत्र हातात नसेल तर त्यातले एकही सुरू होत नाही. ते घेतले नसेल, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे आधी त्याचा अर्ज करा.